आमची वाटचाल : आधी मोजमाप, मग बॅटरी

वडिलांनी बेळगावात उद्यमबागच्या वाटेवर ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान घातलं, तेव्हा त्यांचं खात्रीचं हत्यार एकच होतं, ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर. झाकण उघडायचं, ॲसिड ओढायचं, तरंगत्या कांडीवरचा आकडा वाचायचा. १.२६ ते १.२८ दिसलं की बॅटरी भरलेली. सहा कप्प्यांपैकी एकाचाच आकडा खाली असला की दुखणं तिथंच. ऊस गाळपाच्या हंगामात चिकोडी-संकेश्वरकडचे ट्रॅक्टरवाले घाईत यायचे, पण मोजल्याशिवाय वडिलांनी कुणाला "बॅटरी गेली" असं सांगितलं नाही.

पुढं शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत इलेक्ट्रिक गाड्या दिसू लागल्या. सुरुवातीच्या बहुतेक कमी वेगाच्या, २५० वॅटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरपर्यंत पळणाऱ्या. लायसन नको, पासिंग नको. आत १२ व्होल्टच्या चार-पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या. हे काम आमच्या ओळखीचं होतं. लिथियम आली आणि उघडायला झाकणच उरलं नाही. बंद पेटी, आत सेल आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारा बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम). आम्ही नव्यानं शिकायला बसलो ते तेव्हा.

आमच्याकडं गाडी आली की पहिला मीटर चार्जरला लागतो. ४८ व्होल्टचा, सेलांच्या १३ ओळी एकापुढं एक जोडलेला नेहमीचा लिथियम पॅक ५४.६ व्होल्टला भरतो. चार्जरच कमी देत असेल तर बिचाऱ्या बॅटरीला दोष देऊन काय उपयोग? मग बॅटरी पूर्ण चार्ज करून तास-दोन तास तशीच ठेवतो, कारण चार्जर काढल्याबरोबर दिसणारा आकडा फुगलेला असतो.

खरी परीक्षा लोडवर होते. उभ्या गाडीला ५२ दाखवणारा पॅक चढावर एकदम ४४-४५ ला बसला, की आतला रेझिस्टन्स वाढलाय असा संशय घ्यायचा. नुसता एकूण व्होल्टेज मात्र फसवतो. बारा ओळी ४.१७ वर आणि एकच ३.८० वर असली तरी बेरीज ५३.८४ येते, गिऱ्हाइकाला वाटतं, बॅटरी जवळजवळ फुल्ल आहे. पण ती एक ओळ आधी रिकामी होते आणि बीएमएस सगळा पॅक बंद करतो, बाकीच्यांत जीव असूनसुद्धा. म्हणून शक्य तिथं आम्ही प्रत्येक ओळ वेगळी मोजतो.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं आणखी वेगळं. तिचा सेल बराच वेळ ३.२ ते ३.३ व्होल्टलाच रेंगाळतो, त्यामुळं व्होल्टेज बघून चार्ज किती उरलाय हे सांगणं अवघड. तिथं ठरावीक लोडवर डिस्चार्ज करून बॅटरी एकूण किती वीज देते ते, म्हणजे अँपिअर-अवर, मोजावे लागतात. २४ चा पॅक १८ देत असेल तर ७५ टक्के क्षमता उरली. या कामात तास जातात, गिऱ्हाईक वैतागतं, पण बॅटरीची तब्येत सांगणारा याच्याइतका सरळ आकडा दुसरा नाही.

एकदा भर पावसाळ्यात येळ्ळूरचे एक मामा आले. डेअरीला दूध घालतात. गाडी चढावर बंद पडायची आणि त्यांना दुसरीकडं नवी बॅटरी सांगितली होती. लोडवर बॅटरीजवळ ५१ व्होल्ट आणि मोटरला वीज देणाऱ्या कंट्रोलरजवळ ४६! मधला कनेक्टर हिरवा पडलेला, हात लावला तर गरम.

"मामा, बॅटरी चांगली आहे. कनेक्टर बदलायचा."

"एवढंच? मग मला ते पैसे काढायला लावत होते की ओ!"

इकडच्या पावसात, खानापूरच्या बाजूला तर जास्तच, असे कनेक्टर पुष्कळ निघतात. ते न बघता बॅटरी विकणं आम्हाला पटत नाही. नव्या बॅटरीत चार पैसे जास्त सुटतात हे मान्य, पण दुधाच्या पैशावर घर चालवणाऱ्याकडून ते घ्यायचे नाहीत, हे आमचं ठरलेलं आहे.

मोजलेले आकडे आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो, मराठीत आणि कन्नडमध्ये. गिऱ्हाईक चंदगडहून येतं तसं बैलहोंगलहूनही येतं, आणि चिठ्ठी घरी कुणालाही वाचता आली पाहिजे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर काय करायचं, तेही त्यावर असतं: लिथियम निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवा, लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरून. फुगलेला पॅक आम्ही उघडत नाही, चार्जलाही लावत नाही; बाजूला ठेवून रीसायकलिंगकडं पाठवतो.

आता आयटीआय केलेला पुतण्या डिस्चार्ज टेस्टचं टेबल सांभाळतो. वडील अधूनमधून दुकानात येतात, चिठ्ठीवरचे आकडे वाचतात आणि शंका आली तर त्याला परत मोजायला लावतात. तपासणीला येताना बॅटरीबरोबर तिचा चार्जरही आणा, आणि शक्यतो सकाळी या. टेस्ट दिवे लागायच्या आत पूर्ण होते.