तुम्ही विचारलंत म्हणून: ते वजन मी उचललं की करंटने?

"तो हेडफोन लावला होतास म्हणून निघालं ना?" जिल्हा स्पर्धेत मी १४० किलो उचलल्यापासून जिममधली पोरं विचारतात, लग्नात भेटलेले काका विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी मी तोंड वासून बसलेली असताना विचारलं. आता एकदाच सांगते.

हो, लावला होता. मामेभावाने सॅन होजेहून पाठवलेला हॅलो स्पोर्ट, म्हणजे डोक्याला बारीकसा करंट देणारा हेडफोन. शॉक बसत नाही हो! फोम ओला करून डोक्यावर टेकवायचा, वीस मिनिटं मुंग्या येतात, संपलं. असल्या यंत्रांत करंट असतो जेमतेम १ ते २ मिलिअँपिअर. स्नायूंना हुकूम सोडणारा मेंदूचा पट्टा एवढ्याशा करंटनेही काही काळ जास्त उत्तेजित राहतो, हे गॉटिंगेनच्या निट्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवलं. ते काही मी शोधून काढलेलं नाही.

त्या जिल्हा स्पर्धेत माझी तिसरी डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं) होती १४० किलोची. तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे लिफ्ट मान्य. मी बेल्ट सोडतेय तोवर दुसऱ्या एका मुलीचे कोच पंचांच्या टेबलापाशी. "ही डोक्याला करंट लावून आलीये, हे डोपिंगच झालं." पंच मोबाइलवर वाडाची, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची, बंदीची यादी उघडून बसले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या बॅगेतून हेडफोन काढला आणि तो हातोहात फिरायला लागला. एकाने फोमचा वास घेऊन बघितला. औषध लावलंय का म्हणून! मी खडूने पांढरे झालेले हात घेऊन नुसती उभी. यादीत असं काही नव्हतं, लिफ्ट धरली गेली. मेडल घेताना टाळ्या वाजल्या, त्यात मागून कुणीतरी "चार्जिंग फुल आहे!" असंही ओरडलं.

तेही गिळलं असतं. पण परतताना एसटीत सर म्हणाले, "खरं सांग, त्याच्याशिवाय निघालं असतं?"

"हो," मी म्हटलं.

"मग लावलास कशाला?"

पुढे घरापर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

आता मी विचारते. प्लॅटफॉर्मवर जायच्या आधी हेच सर पाठीवर अशी थाप मारतात की बोटं उमटतात. स्टेजमागे लोक तरतरी यावी म्हणून अमोनिया हुंगतात. १९६१ मध्ये इकाई आणि स्टाइनहाउस यांनी माणसांना कोपरातून जोर लावायला सांगितलं आणि ऐन वेळी मागे पिस्तुलाचा बार काढला, तर जोर वाढला. स्वतः ओरडल्यावरही वाढला. मग थापेचं वजन माझ्या नावावर आणि करंटचं मात्र करंटच्या, हा कुठला हिशोब?

एवढं भांडून झाल्यावर हेही सांगते की डेडलिफ्टला लागतात पाय, आणि पायांचा भाग मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत, आत दडलेला. २०१८ मध्ये मृतदेहांवर मोजलं, तर करंटचा पाऊण हिस्सा कातडी आणि कवटीतच विरला होता. मिलानच्या २००७ च्या प्रयोगात करंटनंतर लोकांचा हात थोडा उशिरा थकला, पण तो दम धरण्याचा प्रश्न होता. माझी लिफ्ट काही सेकंदांची. म्हणजे माझ्या पायांपर्यंत काही पोचलंच नसेल, अशीही दाट शक्यता आहे.

"वीस मिनिटांत फरक कळतो गं" असं ज्युनिअर मुलींना सांगत फिरणारी मीच होते. मी खोटं सांगत नव्हते, बार खरंच हलका लागायचा. पण त्याच काळात सरांनी प्रोग्रॅम बदलला होता, मी नाइट शिफ्ट सोडली होती. आणि त्या वीस मिनिटांत माझ्याशी कुणी बोलायला येत नसे, हे तर मोजायचं राहूनच गेलं. प्रयोगशाळेत काही जणांना थोडा वेळ मुंग्या आणून करंट गुपचूप बंद करतात, म्हणजे खरा करंट कुणाला ते त्यांना कळत नाही. घरी ते कोण करणार?

उसना मागू नका, देणार नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीला वायरी जोडून घरी बनवायचा विचार असेल तर तो आधी सोडा. असल्या घरगुती जुगाडाबद्दल संशोधकांनी २०१६ मध्ये खुलं पत्र लिहून सावध केलंय.

मे महिन्यात परत स्पर्धा आहे. फोम धुऊन ठेवलाय. लावायचा की नाही ते माझं मी बघेन, आणि सरांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांगा.