पट्टी काळी दोनची

राजापूरकडच्या आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत सतरा कॅसेट. सगळ्या १९८३ ते १९९२ मधल्या, वाडीच्या भजनी मंडळाच्या. काकाने मस्कतहून टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) आणला तेव्हापासून गणपतीत, सप्ताहात, कुणाच्या सत्यनारायणाला भजन असलं की अण्णा पेटीवर बसायचे आणि शेजारी पाटावर टू-इन-वन. मंडळातले बुवा आता नाहीत, पखवाजवालेही नाहीत. कोरसमधले दोघे-तिघे तेवढे आहेत. अण्णा ८१ वर्षांचे, आमच्याकडे डोंबिवलीला असतात. त्यांना ऐकता येतंय तोवर हे सगळं संगणकावर यायला हवं, म्हणून गेल्या दिवाळीत मी ट्रंकच उचलून आणली.

आधी दोन कॅसेट एका दुकानात दिल्या. आठ दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. खरखर काढण्याच्या नादात त्यांनी आवाज इतका धुऊन काढला होता की बुवा पाण्याखालून गातायत असं वाटावं. टाळ तर गेलेच होते. बाजू संपण्याआधीचा गजरही मध्येच तोडलेला. अण्णांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "बंद कर." त्या रात्रीच ठरवलं, हे काम घरीच करायचं.

काकाचा टू-इन-वन उघडला तर आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटलेला. मग ओळखीतून एक जुना कॅसेट डेक मिळवला आणि त्याचे पट्टे लॅमिंग्टन रोडवरून आणून बदलले. हेड (फितीवरचा आवाज उचलणारा भाग), कॅपस्टन (फीत ओढणारी दांडी) आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने कानकाडीने पुसलं, तर काडीवर तपकिरी थर आला. तो थर म्हणजे आधी वाजलेल्या कॅसेटींची झडलेली पूड. ती हेडवर असेल तर आवाज दबका येतो, म्हणून दर दोन-तीन बाजूंनंतर पुसत राहिलो. आणि अगदी पहिलं काम म्हणजे सतराही कॅसेटींच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या पाकळ्या तोडून टाकल्या. चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी आता वर काही भरलं जाणार नाही.

कोकणातला पाऊस कॅसेटला सोसत नाही. सहा कॅसेटींत खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी डेकमध्ये जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तोंडाला मास्क लावून, गच्चीवर बसून, पाच स्क्रू काढून एकेक कवच उघडलं आणि मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या चिमटीतून सगळी फीत हाताने फिरवली. फीत रुंदीला ४ मिलिमीटरसुद्धा नाही, आणि ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे १३० मीटर असते. एका कॅसेटला पाऊण तास लागला. साफ झालेली रिळं नव्या कवचात बसवली. दोन कॅसेटींत फितीला हेडवर दाबून धरणारी नमद्याची गादीच गळून पडली होती. ती दुसऱ्या, रद्दी कॅसेटमधून काढून लावली.

जोडणीत दोन गोष्टी शिकलो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेकची वायर लावायची नाही. ते भोक बोलण्यासाठी असतं, आवाज फाटतो. लाइन-इन (डेकसारख्या यंत्राची वायर घेणारं भोक) असलेला वेगळा यूएसबी साउंड अडॅप्टर घेतला. दुसरं, सुरुवातीला सतत 'हूं' असा आवाज येत होता. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि तो गेला. तेव्हापासून रेकॉर्डिंग बॅटरीवरच. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट मिळतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाला ४५ मिनिटांची एक बाजू साधारण ७८० एमबी होते. ४५ मिनिटांची बाजू भरायला ४५ मिनिटंच लागतात, त्याला काही इलाज नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो हेडच्या शेजारच्या एका बारक्या स्क्रूने. ज्या यंत्रावर भरलं त्याच्या हेडचा कोन आणि ज्यावर वाजवतोय त्याचा कोन जुळला नाही तर वरचे सूर फितीवर असूनही ऐकू येत नाहीत. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. मला टाळांची मदत झाली. गोधडीखाली वाजल्यासारखे टाळ हळूहळू बाहेर येत गेले आणि एका जागी खणखणीत झाले. तिथे हात काढला. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करायचं. दुकानातून आलेल्या दोन कॅसेट मी अशाच पुन्हा भरल्या, आणि टाळ मुळात कुठे गेलेच नव्हते हे कळलं. जे फितीवरून उचलतानाच मिळालं नाही ते नंतर संगणकात कितीही बटणं दाबून मिळत नाही. खरखर मी मूळ फाइलीत तशीच ठेवली. ऐकण्याच्या प्रतीत थोडीशी उतरवली, तीही पखवाजाची आस, म्हणजे ठोक्यानंतरची गुंज, तुटणार नाही एवढीच.

चौथी कॅसेट लावली तेव्हा अण्णा आतून उठून आले. "हे चढं वाजतंय. बुवांचा आवाज असा पोरासारखा नव्हता." मी म्हटलं, "अण्णा, डेकचा वेग मी तपासलाय. आधीच्या तीन कॅसेट बरोबर वाजल्या ना?" ते काही बोलले नाहीत. त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली, भाता उघडला आणि काळी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी, दाबून धरली. "आमची पट्टी ही. कधी बदलली नाही." कॅसेटमधला षड्ज, म्हणजे सा, त्या सुराच्या स्पष्ट वर होता. बाजू पुढे गेली तसा तो आणखी चढत गेला आणि शेवटच्या गौळणीला जवळजवळ पांढऱ्या तीनवर पोचला.

कारणही अण्णांनीच सांगितलं. त्या वर्षी सप्ताहात वीज नव्हती, टू-इन-वन सेलवर चालला होता. सेल उतरत गेले तशी मोटर मंदावली, फीत हळू सरकली. हळू भरलेली फीत आज नेमक्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने, वाजवली की सगळंच जलद आणि चढं होतं. काळी दोन ते पांढरी तीन हे एका अर्ध्या सुराचं अंतर, वेगात मोजलं तर जवळपास ६ टक्के.

मग आमची रोजची बैठक सुरू झाली. मी प्रत्येक अभंग वेगळा कापायचा, ऑडॅसिटीत वेग दोन टक्के, अडीच टक्के असा उतरवायचा आणि अण्णांनी पेटीवर काळी दोन धरायची. जुळत नसलं की पेटीचा सूर आणि कॅसेटचा सूर एकमेकांत थरथरतात. जुळले की थरथर थांबते. एकेका बाजूत अभंगागणिक आकडा वेगळा येत होता. सुरुवातीला दोनच्या आसपास, शेवटी साडेपाच. शेवटची गौळण जुळली तेव्हा अण्णांनी पेटीवरून हात काढलाच नाही. बुवांच्या मागे पूर्ण गौळण वाजवली, १९८६ मध्ये वाजवली होती तशीच, मधली जागासुद्धा (सुरांची खास फिरत) त्याच ठिकाणी घेत. मी हेडफोन काढून नुसता बसून राहिलो.

एका कॅसेटवर गजर सुरू होण्याआधी क्षणभर तोच गजर फार पुसट ऐकू येतो. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिल्याने फितीच्या एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उतरतं, त्याचा हा परिणाम. वाजवण्याआधी कॅसेट एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवली की थोडा कमी होतो. ती पुसट हाक मी फाइलीत राहू दिली.

आजपर्यंत चौदा कॅसेट झाल्या. मूळ फाइली फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारा फाइल-प्रकार), दोन हार्ड डिस्कवर आणि एक प्रत बहिणीकडे पुण्याला. फाइलीच्या नावात साल, ठिकाण आणि बाजू. दोन कॅसेटींची फीत चुरगळलेली आहे, एक तुटलेली. ती जोडायला खास चिकटपट्टी मागवली आहे. साधी सेलोटेप लावली तर तिचा गोंद पुढच्या वेढ्यांना लागतो.

अण्णांनी शंभर पानी वही घेतली आहे. प्रत्येक अभंगापुढे तारीख, कुणाच्या घरी, बुवा कोण, पखवाज कुणाचा, कोरसमध्ये कोण. पखवाज ते दोन ठोक्यांत ओळखतात. कोरसमध्ये एक उंच, किंचित नाकातला आवाज अकरा कॅसेटींत आहे. तो ऐकला की अण्णा लगेच बोट वर करतात. माणूस कुठे बसायचा, कोणतं पान खायचा, सगळं सांगतात, पण नाव येत नाही. वहीत तिथे अकरा ठिकाणी रेघ ओढून जागा सोडली आहे. शिमग्याला गावी जाणार आहोत, तेव्हा वही आणि लॅपटॉप दोन्ही बरोबर नेऊ.