आधी वाचून दाखवा!

भाताची सुगी उरकली की आमच्या मंडळाचा मेळावा ठरलेला. बेळगाव तालुक्यात हिवाळ्यात गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंड्या निघतात. त्यांच्यापुढं आमचा कार्यक्रम किरकोळच. मांडव नाही, पाहुणे नाहीत. शाळेच्या पटांगणात पांढरं धोतर ताणून बांधायचं आणि मुलांनी इतिहासाच्या वेबसाइटसाठी वर्षभर जे लिहिलं ते त्यावर दाखवायचं. गुरुजींचा नियम एकच, गावासमोर मोठ्यानं वाचल्याशिवाय एकही पान चढवायचं नाही.

या नियमानं आम्हा कॉलेजातल्या 'मार्गदर्शकां'चा घाम काढला. आम्हाला वाटायचं, फोटो आणि रंग नीट बसले की काम झालं. समोरच्या म्हाताऱ्यांना रंगांचं काय? पहिलं वाक्य संपायच्या आत मागून आवाज यायचा, "हे कुणी सांगितलं गा?"

सगळ्यात रंगलं ते काँग्रेस अधिवेशनाचं पान. १९२४च्या डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडीत भरलेलं हे अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आजही आहे, आणि गंगूबाई हनगल लहानपणी तिथं गायल्या होत्या. सातवीच्या मुलींनी हे सगळं नीट लिहिलं होतं. सभा खूश. पुढं त्यांनी वाचलं, गांधीजी जाताना आपल्या वेशीवर पाणी प्यायले. एक आजोबा लगेच उठले, "खरं आहे, माझ्या वडिलांनी सांगितलंय." दुसऱ्यांचे वडील मात्र सांगायचे की ते गांधीजी नव्हेतच, कुणी दुसरेच खादीवाले! चहा थंड झाला तरी वाद मिटेना. शेवटी गुरुजींनी पानाचे दोन भाग केले, 'पुराव्याचं' आणि 'सांगोवांगी'. तेव्हापासून प्रत्येक पानाला सांगोवांगीचा कप्पा असतो. खरं सांगायचं तर लोक आधी तोच उघडतात.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या, म्हणजे जुन्या जैन मंदिराच्या पानाच्या वेळची गंमत वेगळीच. १२०४ साली, रट्ट घराण्याच्या राजवटीत बांधलेली ही बस्ती. छतातल्या कमळाला बहात्तर पाकळ्या, असं जो तो लिहितो. आमची एक पोरगी फरशीवर उताणी पडून त्या मोजत बसली, मान अवघडली तरी उठेना. "छापलंय म्हणून लिहायचं नाही," हे गुरुजींचंच वाक्य तिनं गुरुजींना ऐकवलं. बस्तीशी संबंधित शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, हे वाचल्यावर मात्र सगळी सभा भडकली. "आमचा दगड त्यांच्याकडं कशाला?" हा प्रश्न भात वाढेपर्यंत चालला. लेख जुन्या कन्नडातला, तो आम्हाला कुठला लागायला! शेजारच्या कन्नड शाळेतली मुलं आणि त्यांचे सर मदतीला आले, आमच्याच पंगतीला जेवले. बदल्यात त्यांच्या घरातले मोडी कागद आमच्या गुरुजींनी वाचून दिले. पाट्यांच्या भाषेवरून बाहेर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सतरंजीवर तो विषय कुणी काढला नाही.

जेवण साधंच, नव्या बासमतीचा भात, आमटी, लोणचं. त्या वासानं निम्मी मुलं पानं भराभर वाचून टाकायची आणि गुरुजी त्यांना परत पहिल्यापासून वाचायला लावायचे. आता यातली बरीच पुण्याला, बेंगळुरूला नोकरीला आहेत. तिथूनच दुरुस्त्या करतात, पण मेळाव्याला येतातच.

एक पान मात्र अजून चढलेलं नाही, सीमालढ्याचं. १७ जानेवारी १९५६च्या गोळीबारापासून सुरू होतं आणि दर मेळाव्याला वाढतं. कुणी सत्याग्रहाचं सांगतं, कुणी तुरुंगाचं. गेल्या वेळी वाटलं, झालं एकदाचं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "तुरुंगात गेलेल्यांची नावं लिहिलात. त्यांची शेतं त्या वर्षी कुणी केली, ते कुठं आहे?" मुलींनी पुन्हा वही उघडली आणि काकूंना पुढं बोलावलं.