दुखणी पाच, कागद एकच

ओटीपोटातल्या कळांना स्त्रीरोगतज्ज्ञ, पोट फुगतं म्हणून पोटाचे डॉक्टर, वारंवार उन्हाळी लागते म्हणून तिसरे, अर्धशिशीला चौथे, कंबर-खांद्याला हाडांचे. कोल्हापुरात राजारामपुरीपासून सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत जागोजागी वेगळा केसपेपर आणि बहुतेक रिपोर्ट नॉर्मल. मग घरचे म्हणायला मोकळे, ‘हिचं रोजचंच आहे.’

एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), आयबीएस (आतड्यांचं चिवट दुखणं, पोट बिघडणं), मूत्राशयाचं दुखणं, अर्धशिशी, जबड्याचं दुखणं, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखणं आणि थकवा) यातली दोन-तीन एकाच बाईला असणं अजिबात दुर्मीळ नाही. वेदना लांबली की मज्जारज्जू आणि मेंदू जास्त संवेदनशील होतात, साधा दाबही दुखतो. हे एक्स-रेत दिसत नाही. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाहीच, असंही नसतं.

म्हणून सगळं एका कागदावर आणा. माणसाची आकृती पुढून-मागून काढून दुखतं तिथं रेघा मारा, शेजारी सुरुवातीचं साल. खाली रोजचे रकाने: पाळी, संडास, रात्री लघवीला किती वेळा उठलात, झोप झाल्यासारखी वाटली का. महिनाभर भरा. त्यातून ‘लघवीची जळजळ पाळीच्या तोंडावर वाढते, कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) दर वेळी निगेटिव्ह, तरी अँटिबायोटिकचा चौथा कोर्स’ असं काही निघालं, तर डॉक्टर वेगळा विचार करतात. पाच फायलींत ते विखुरलेलं असतं.

गोळ्यांचा रकाना मात्र प्रामाणिकपणे भरा, मेडिकलातून सुट्या आणलेल्याही. अर्धशिशी असलेल्या बाईनं साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी (एकात दोन-तीन औषधं असलेली) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर घेतली, तर गोळीच डोकं दुखवायला लागते.

रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम लिहून दिली, तर नेटवर ‘डिप्रेशनची गोळी’ वाचून परस्पर बंद करू नका. इतक्या कमी डोसात ती वेदनेसाठीच असते. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते. गुण यायला काही आठवडे लागतात. सुस्ती फार असेल तर वेळ बदलता येते का, ते डॉक्टरांनाच विचारा.

चालायला रंकाळा तलाव छान, पण पहिल्याच दिवशी अख्खी फेरी नको. पाच-दहा मिनिटं, मग दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. जास्त घोटाळा बऱ्या दिवशी होतो: अंग हलकं वाटलं की चटणीचं कांडप, धुणं, माळा सगळं एकदम उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. कामं वाटून घ्या, बरं वाटत असतानाही.

वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त, ताप, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर कागद भरत बसू नका. बधिरपणा किंवा ताबा जाणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.