एगेरची लाल

शनिवार, रात्री

आज ती बाटली उघडली. एग्री बिकावेर, म्हणजे हंगेरीतल्या एगेर गावची लाल वाइन. बुडापेस्टहून परत आलेल्या मैत्रिणीनं ती दिली होती. हंगेरी म्हटलं की आजवर मला फक्त तोकायची गोड वाइन आठवायची. तिकडे ईशान्येलाच, बुक्क डोंगरांच्या पायथ्याशी, अनेक जातींची द्राक्षं एकत्र आणून लाल वाइन करतात, हे वाचलं होतं. चाखायचा योग आज आला.

बिकावेर म्हणजे बैलाचं रक्त. एवढं दांडगं नाव ऐकल्यावर दाट, काळपट, जिभेवर जड बसणारं काहीतरी येणार असं वाटतं. पेल्यात उतरली ती माणकाच्या रंगाची, आरपार दिसणारी वाइन. आधी आंबट चेरीचा वास आला, मागोमाग नुकत्याच कुटलेल्या मिऱ्याचा. पहिल्या घोटाबरोबर तोंडाला पाणी सुटलं. तुरटपणा आहे, पण बेताचा. सगळा डोलारा उभा आहे तो आंबटपणावर. लाल वाइनमध्ये इतका स्वच्छ, ताठ आंबटपणा मला फार क्वचित भेटला आहे, आणि तो मनापासून आवडला.

हा कणा केकफ्रांकोशचा. ऑस्ट्रियात याच द्राक्षाला ब्लाउफ्रँकिश म्हणतात. बिकावेरमध्ये मोठा वाटा बहुधा त्याचाच असतो. सोबतीला मेर्लो, काबर्ने फ्राँ, काबर्ने सोविन्यों, आणि नशीब असेल तर कादार्का. एकाच जातीची वाइन बिकावेर म्हणून विकताच येत नाही.

जेवण झाल्यावरही पेला हातातच होता. ब्लेंड, म्हणजे अनेक जातींच्या द्राक्षांचं मिश्रण, म्हटलं की काही रसिक जरा नाक मुरडतात. एकाच जातीच्या द्राक्षाची वाइन तेवढी अस्सल, बाकी सगळी भेसळ, असा सूर असतो. मला हे कधीच पटलं नाही, आणि आज तर मुळीच पटत नाही. एगेर उत्तरेकडचं, थंड. पानगळीच्या सुरुवातीला पाऊस आला की सगळं गणित बिघडतं. मेर्लो लवकर पिकतं, काबर्ने सोविन्यों मागे राहतं, कादार्काला तर फारच उशीर लागतो. एखाद्या साली एक जात दगा देते, दुसऱ्या साली दुसरी. म्हणून बहुतेक जण प्रत्येक जात वेगळी तोडतात, वेगळी आंबवतात आणि मग चाखून चाखून ठरवतात की यंदा कोणाला किती वाटा द्यायचा. हे प्रमाण दरवर्षी नव्यानं जुळवावं लागतं. यात शेतकऱ्याची जीभ लागते, स्मरणशक्ती लागते, आणि आपल्या लाडक्या जातीलाही यंदा मागे ठेवायचं धैर्य लागतं. याला भेसळ म्हणायला माझी जीभ धजणार नाही.

रविवार, दुपार

उरलेली वाइन कॉर्क लावून ठेवली होती. आज ती अधिक मोकळी झाली आहे. मिरी मागे सरली, सुकवलेल्या आलुबुखारासारखं काहीतरी पुढे आलं. आंबटपणा मात्र जागचा हलला नाही.

सकाळभर नकाशा आणि जुना इतिहास घेऊन बसले होते. १५५२ साली तुर्की फौजेनं एगेरच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार इश्तवान दोबो. आत सुमारे दोन हजार माणसं, बायकांसह. समोर कितीतरी पट फौज. तरी किल्ला पडला नाही. दंतकथा अशी की, लढणाऱ्यांच्या दाढ्या लाल वाइननं माखलेल्या पाहून तुर्की सैनिकांना वाटलं, हे लोक बैलाचं रक्त पिऊन लढतात. गोष्ट रंगतदार आहे, पण खरी नसावी. त्या काळी एगेरला प्रामुख्यानं पांढरीच वाइन होत असे. लाल वाइनची रीत आणि कादार्का ही बाल्कनकडून, तुर्कांपुढून उत्तरेला सरकलेल्या सर्बांबरोबर आली असं मानतात. वाइनसाठी बिकावेर हे नाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं ते १८४६ मध्ये, यानोश गराई या कवीच्या कवितेत, आणि तो कवी दक्षिणेकडच्या सेक्सार्दचा! सेक्सार्दलाही बिकावेर होते आणि तिथले लोक आपला हक्क सोडायला तयार नाहीत. मला या वादापेक्षा किल्ल्याची लढाई मोठी वाटते. तिला वाइनच्या गोष्टीची गरजच नाही.

जीव हळहळला तो कादार्कासाठी. एके काळी बिकावेरचा आधार तीच होती. पातळ सालीची, घट्ट घोसाची, ओल लागली की बुरशी धरणारी. साम्यवादी राजवटीत सरकारी शेतं झाली, टनांचा हिशेब सुरू झाला, आणि अशा नाजूक जातीला तिथे कोण विचारणार? तिची जागा केकफ्रांकोशनं घेतली. बिकावेर स्वस्तातली लाल वाइन म्हणून परदेशात भरमसाट गेली आणि नावाची पत घसरली. १९८९ नंतर बागा पुन्हा खासगी हातांत आल्या, तेव्हा काही घराण्यांनी उत्पादन कमी ठेवून, नाज-एगेदसारख्या चुनखडीच्या उभ्या उतारावर मेहनत घेऊन ती पत परत मिळवायला घेतली. त्यांतल्या काहींनी कादार्काही पुन्हा लावली आहे. तिच्यामुळे ब्लेंडमध्ये मसाल्याचा सुगंध येतो, असं जाणकार सांगतात.

माझ्या बाटलीत ती होती की नाही, लेबलवर लिहिलेलं नाही. म्हणून मैत्रिणीला आताच कळवलं आहे: पुढच्या खेपेला निव्वळ कादार्काची एक बाटली आण, आणि जमलं तर सेक्सार्दची बिकावेरही. दोन्ही बिकावेर शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या आहेत, आणि त्याआधी कादार्का एकटी.