तुम्ही विचारलंत म्हणून: कडक माणूस बसवला तर?

"बाई, तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्र शिकवलंत. आता खरं सांगा, या निवडणुका, हे पक्ष, ही फोडाफोडी यापेक्षा एखादा कडक आणि प्रामाणिक माणूस बसवला तर काय वाईट?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एसटीच्या बाकावर, कुठेही गाठतो. विचारणारा बहुधा माझाच जुना विद्यार्थी असतो. चाळिशीला आलेला, घराचा हप्ता भरणारा, रोज त्याच खड्ड्यातून गाडी घालून कंबरेला पट्टा बांधलेला. त्याला वाद घालायचा नसतो, तो खरोखर थकलेला असतो. आजवर मी "निवांत बोलू कधीतरी" म्हणून वेळ मारून नेली. ते बरोबर नव्हतं. आज निवांत बोलते.

लोकशाहीत दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि जवळजवळ प्रत्येक निवडणुकीची ड्यूटी केली. आधी मतदान अधिकारी म्हणून बोटाला शाई लावली, पुढे केंद्राध्यक्ष झाले. कागदी मतपत्रिकेच्या घड्यांपासून व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीपर्यंत सगळं या हातांनी केलं. दुपारी तीनपर्यंत एखाद्या गल्लीतलं चिटपाखरू केंद्रावर फिरकायचं नाही आणि चारनंतर एकदम रांग लागायची. का, ते रांगेतलेच लोक मोकळेपणी सांगायचे: "आमच्याकडं पाकीट उशिरा पोचलं, बाई." नगरपालिकेच्या मतदानाला हे जास्त, लोकसभेला कमी. जिथे पन्नास मतांनी निकाल फिरतो, तिथे एका मताला भाव जास्त.

गावाबाहेर ओढ्याच्या काठी भटक्या जमातीतल्या कुटुंबांची एक वस्ती आहे. सगळी मिळून साठेक मतं. तिथे जायला रस्ता नव्हता, पावसाळ्यात पोरं शाळेत यायची नाहीत. चार निवडणुका मी पाहिल्या, चारही वेळा रस्त्याचं आश्वासन, चारही वेळा काही नाही. साठ मतांसाठी कोण डांबर ओतणार? जे मोजून चालतं त्यात थोडे असणारे मागेच राहतात. हा माझ्या लेखी लोकशाहीचा सगळ्यात जुना दोष आहे आणि त्याचं उत्तर मला आजही पूर्ण सापडलेलं नाही.

आणि उमराणे. नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातलं हे गाव. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी तिथे सरपंचपदाचा लिलाव झाला, बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या. राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली, नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीचीही. मला त्यात पैशापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. हे चोरून झालेलं नव्हतं. चारचौघांत, सर्वांच्या संमतीने झालं होतं. निवडणूक लागली की भाऊबंदकी पेटते, डोकी फुटतात, त्यापेक्षा पैसा देवळाला लागला तर काय बिघडलं, असा त्यामागचा विचार. भांडणाने विटलेल्या माणसाला तो पटतोही. पण त्या बोलीत बसायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याचा सरपंचपदावरचा हक्क गावाने एकमताने काढून घेतला होता, आणि त्याला "बिनविरोध" हे गोड नाव होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितलं होतं की, २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जगण्यात पाऊल टाकतो आहोत: राजकारणात एक माणूस एक मत, आणि सामाजिक-आर्थिक जगण्यात विषमता तशीच. ती विषमता लवकर गेली नाही, तर तिचे चटके सोसणारे लोक हा लोकशाहीचा डोलाराच उधळून देतील, असा इशाराही त्यांनी दिला होता.

तर दोष मला माहीत आहेत. आता तुमच्या कडक माणसाकडे येते. कारण तो आपल्याकडे येऊन गेला, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतरचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं २२७ नगरसेवकांच्या जागी सरकारने नेमलेला एक अधिकारी, म्हणजे प्रशासक. पुण्याचंही तेच. कोल्हापूरची मुदत तर नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती. म्हणजे तिथे एक अख्खी मुदत, पाच वर्षांहून जास्त काळ, सभागृहच नव्हतं. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांनी आणि जिल्हा परिषदांनीही वर्षानुवर्षं हेच पाहिलं. संविधानात मात्र स्पष्ट लिहिलेलं आहे की, पाच वर्षांची मुदत संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पंचायती आणि नगरपालिकांसाठीची ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली, त्यामागचं एक मोठं कारणच हे होतं की राज्य सरकारांनी स्थानिक निवडणुका मनाला येईल तशा लांबवू नयेत.

हे कुणी रणगाडे आणून केलं नाही. सुरुवातीला कोरोना होता. मग मार्च २०२१ मध्ये स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि त्यातला प्रश्न खरा होता, तो सोडवायलाच हवा होता. पण त्याच्या जोडीला प्रभागांचा खेळ सुरू झाला. मुंबईबाहेरच्या महापालिकांत २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग होता, पुढच्या सरकारने तीनचा केला, २०२२ मध्ये आलेल्या सरकारने पुन्हा चारचा. मुंबईत २२७ जागांच्या २३६ झाल्या, आणि पुन्हा २२७. प्रत्येक बदलामागे नवे नकाशे, नव्या हरकती, नव्या याचिका. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी मुंबईचं मतदान व्हायला जानेवारी उजाडला. जे खेळणार, तेच मैदानाच्या रेघा आखणार, आणि रेघा आखून होईपर्यंत खेळच नाही. यात एकच पक्ष दोषी असता तर सांगणं सोपं होतं. सत्ता दोन्हीकडे जाऊन आली आणि घाई कुणालाच नव्हती.

आमच्या गावाचं सांगते. छोटी नगरपालिका, मुख्याधिकारी हेच प्रशासक. पहिले साहेब खरोखर सज्जन. कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. घरपट्टीची थकबाकी वसूल झाली, घंटागाडी वेळेवर येऊ लागली. आणि हेही सांगायलाच हवं की, ओढ्याकाठच्या वस्तीचा रस्ता त्यांच्याच काळात झाला. चार निवडणुकांनी जे दिलं नाही ते त्यांनी दिलं. तो रस्ता बघून मी स्वतः म्हटलं होतं, चाललंय ते बरं चाललंय.

मग त्यांनी आठवडी बाजार हलवला. जुन्या वेशीमागे भरायचा तो बायपासला, नव्या ओट्यांवर. कारण खोटं नव्हतं, बाजाराच्या दिवशी रुग्णवाहिका अडकायची. पण माळवं घेऊन येणाऱ्या बायका पहाटेच्या एसटीने स्टँडवर उतरतात. डोक्यावर पाटी, काखेत गाठोडं, पुढे दोन किलोमीटर चालायचं. बायपासला एसटी थांबत नाही. ओटे होते, संडास नव्हता. आणि त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे संध्याकाळी पायी येऊन पावशेर वांगी नेणारी म्हातारी माणसं, ती तिकडे जाणार कशी? नगरसेवक असता तर या बायका त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या असत्या, त्याच्या आईला हाक मारली असती, सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्याने टाळाटाळ केली असती, पण त्याला त्याच गल्लीत राहायचं होतं आणि पुन्हा मत मागायला त्याच दारात यायचं होतं. आता त्या गेल्या नगरपालिकेत. साहेब जिल्ह्याला मीटिंगला गेलेले. निवेदन दिलं, आवक क्रमांक पडला, पोच मिळाली. तीन महिन्यांनी साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, ठराव झालेला आहे, मला फिरवता येत नाही. त्यातल्या एकीने ती पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पैशाच्या बटव्यात ठेवली होती. मला दाखवली. तीन वर्षं ती पोच बटव्यात होती.

त्यांच्यासाठी मी तो ठराव बघायला गेले. सभेच्या ठरावाला सूचक असतो, अनुमोदक असतो, कोण काय बोललं त्याची नोंद असते, विरोध झाला तर तोही लिहिलेला असतो. या कागदावर त्यातलं काही नव्हतं. मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, अंमल करणारा तोच. एकच सही. मुंबईत याच रीतीने २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प झाला. प्रशासनाने मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला, सभागृहात उभं राहून "हे का?" विचारायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता. माणूस वाईट असायची गरजच नाही. आमचे साहेब चांगले होते म्हणूनच मला हे कळलं. वस्तीला रस्ता मिळाला तो त्यांना दिसला म्हणून. बायकांचं चालणं त्यांना दिसलं नाही, आणि दाखवायला कुणी उरलं नव्हतं.

डॉ. आंबेडकरांचं आणखी एक भाषण आहे, ४ नोव्हेंबर १९४८ चं. घटनेचा मसुदा मांडताना ते म्हणाले होते की, घटनेच्या रूपाला हातही न लावता, केवळ कारभाराची तऱ्हा बदलून घटना विकृत करून टाकणं सहज शक्य आहे. मी हे वाक्य वर्गात कितीदा सांगितलं असेल. त्याचा अर्थ मला त्या एका सहीपाशी कळला.

माझं निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष. सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांचा धडा आहे. नगरपरिषद, नगराध्यक्ष, नगरसेवक, सगळं फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपले नगराध्यक्ष कोण?" मी म्हटलं, सध्या नाहीत. "मग आपल्या वॉर्डाचे?" तेही नाहीत. तिने वहीत धडा उतरवून घेतला, प्रश्नोत्तरं पाठ केली, परीक्षेत पूर्ण गुण मिळवले. मला त्या रात्री झोप आली नाही. जे तिच्या गावात नव्हतं ते मी तिला "आहे" म्हणून शिकवत होते.

तुमच्यातले काही जण आणीबाणीचा दाखला देतात, गाड्या वेळेवर धावत होत्या म्हणून. माझे वडीलही म्हणायचे. ते कचेरीत कारकून होते आणि त्यांचा साहेब तेव्हा पहिल्यांदा वेळेवर यायला लागला होता. पण १९७१ ला निवडलेल्या लोकसभेची मुदत १९७६ मध्ये संपत होती आणि त्या लोकसभेने स्वतःच कायदा करून ती वाढवून घेतली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. साहेब वेळेवर येतो हे दिसत होतं. कोण कुठल्या तुरुंगात आहे हे दिसत नव्हतं. १९७७ मध्ये मतदान झालं तेव्हाच लोकांना बोलता आलं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. लोकशाहीला खरा धोका अडाणी मतदारांचा नाही, गोंधळाचाही नाही, गोंधळात निदान आवाज ऐकू येतो. धोका हा आहे की ती कुणाला न दुखवता, तारखेवर तारीख घेत, कायदेशीर कागदांच्या आत रिकामी करता येते, आणि घंटागाडी वेळेवर येत असेल तर आपल्यासारख्यांना ते कळत नाही. चार वर्षांत आमच्या गावात निवडणूक घ्या म्हणून एक मोर्चा निघाला नाही. मी शिक्षिका होते, मीही काढला नाही. याची मला खंत आहे आणि ती राहील.

२०२५ च्या डिसेंबरात आमच्याकडे मतदान झालं. पाकिटं वाटली गेली, मी नाकारत नाही. पोच सांभाळणाऱ्या त्या मावशींनीही घेतलं, दोन्हीकडचं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बाई, पैसं घेतलं, पर दोघांनाबी दारात उभं करून बाजाराचं इचारलं. चार वर्सांत पैल्यांदा कुणी उत्तर दिलं बगा." त्यांनी पैसे घ्यायला नको होते, असं मी म्हटलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, बाजार बायपासला गेल्यापासून आमचं नुकसान किती झालं ते तुम्हाला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं.

नव्या सभागृहाच्या विषयपत्रिकेवर आठवडी बाजाराचा विषय आला आहे. दोन नगरसेवक जुन्या जागेच्या बाजूने आहेत, बायपासला गाळे असलेले तिघं विरोधात, बाकीचे अजून बोलत नाहीत. मावशींनी पोच पिशवीतून काढून एका नगरसेविकेला दिली आहे. सभा नागरिकांना बसून ऐकता येते. त्या पाचजणी जाणार आहेत, आणि मी त्यांच्याबरोबर.