रायझन बदलला आणि पीसी उठेना: पाच संध्याकाळींची नोंद

आधी सेटअप सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर आत्तापर्यंत रायझन ५ २६०० प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटची पॉवर सप्लाय आणि एक साटा एसएसडी. नवीन आलाय फक्त रायझन ७ ५७००एक्स. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) तोच एएम४, टीडीपी (कूलरने किती उष्णता घालवायची तो आकडा) दोघांचाही ६५ वॅट, सहा कोअरचे आठ होणार आणि बोर्ड, रॅम, कूलर सगळं तेच राहणार. २०१८ चा प्रोसेसर काढून त्याच सॉकेटमध्ये २०२२ चा बसवता येतो ही एएम४ ची गोष्ट मला अजूनही भारी वाटते, म्हणूनच इतके दिवस थांबून हे अपग्रेड केलं.

पहिली संध्याकाळ

बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये ५७००एक्ससाठी कमीत कमी कुठलं बायोस (बोर्डाचं स्वतःचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) लागतं ते बघितलं, जुना प्रोसेसर आत असतानाच पेनड्राइव्हवरून नवीन बायोस टाकलं, रीस्टार्टनंतर बायोसच्या स्क्रीनवर नवा व्हर्जन नंबर दिसला आणि तिथूनच बंद करून कूलर काढायला घेतला. ही घाई नंतर दोनदा महागात पडली, एकदा लगेच आणि एकदा पाचव्या दिवशी.

लगेच ती अशी की मशीन नीट तापलेलंच नव्हतं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वरून धरून ठेवणारी फ्रेम नसते, त्यामुळे कूलर आणि प्रोसेसरमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट सुकलेली असली की कूलर ओढताना प्रोसेसर त्याला चिकटून, पिना आवळून धरणारं लिव्हर बंद असतानाच सॉकेटमधून उपटून येतो. माझा तसाच आला. दहा-पंधरा मिनिटं लोड देऊन पेस्ट गरम करायची, मग कूलर आधी डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवायचा आणि मगच उचलायचा, हे माहीत होतं पण त्या वेळी केलं नाही. नशिबाने २६०० च्या सगळ्या पिना सरळ होत्या.

मग लिव्हर उचललं, त्रिकोणाला त्रिकोण जुळवून ५७००एक्स ठेवला. तीन बाजू खाली बसल्या, एक कोपरा किंचित वर राहिला, मी बोटाने हलकेच दाबला, बसला. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे परत येते.

पॉवर दिली. सगळे फॅन फिरले, स्क्रीन काळी. बोर्डावर कुठल्या टप्प्यावर अडलंय ते दाखवणारे चार छोटे डीबग एलईडी आहेत, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणं), त्यातला सीपीयूचा लागून विझला आणि डीरॅमचा लागून राहिला. पाच मिनिटं थांबले, कारण नवीन प्रोसेसर असला की मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम एकमेकांशी जुळवून घेण्याला, पहिल्यांदा वेळ लागतो (डीडीआर५ वाल्यांनी तर याहून जास्त धीर धरा, तिथे पहिलं ट्रेनिंग चालू असताना लोक घाबरून मधेच बटण दाबतात आणि ते परत पहिल्यापासून सुरू होतं). पण माझं हललं नाही.

दुसरी संध्याकाळ

सगळी प्राथमिक तपासणी. प्रोसेसरजवळचा आठ पिनचा पॉवर कनेक्टर काढून परत पूर्ण आत बसवला. तो राहिला असेल तरी फॅन फिरतात, कारण फॅनची वीज २४ पिनच्या केबलमधून येते, त्यामुळे 'फॅन फिरतायत म्हणजे पॉवर ठीक' हा निष्कर्ष काढू नका. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच आहे ना ते बघितलं, कारण ५७००एक्समध्ये ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही.

सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळ स्थितीत आणली. वायर भिंतीतून काढली, पॉवर बटण दाबून धरून उरलासुरला चार्ज घालवला, सीआर२०३२ चा सेल दहा मिनिटं बाहेर ठेवला. सेल मल्टिमीटरवर ३.०५ व्होल्ट, म्हणजे उत्तम. पॉवर सप्लायसुद्धा चालू अवस्थेत २४ पिनच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने प्रोब घालून मोजली, १२ ची लाईन १२.०८, ५ ची ५.०२, ३.३ ची ३.३१. यात पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे १२ ची लाईन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. हे मोजमाप म्हणजे अंतिम पुरावा नाही कारण झटक्यात खाली जाणारं व्होल्टेज साध्या मीटरला दिसत नाही, पण निदान ढोबळ गडबड तरी नाही एवढं कळलं.

मग एकच रॅम. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की एक स्टिक असेल तर ए२ मध्ये लावा, म्हणजे प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट. लावली, डीरॅमचा लाईट. दुसरी स्टिक त्याच ए२ मध्ये, परत डीरॅमचा लाईट. कॉन्टॅक्ट खोडरबराने पुसले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्लॉट साफ केला, काही फरक नाही. दोन्ही रॅम एकाच दिवशी जाणं मला पटत नव्हतं, काल दुपारपर्यंत याच रॅमवर काम चालू होतं.

तिसरी संध्याकाळ

जुना प्रोसेसर परत घातला. कंटाळवाणं काम आहे, पेस्ट पुसा, परत लावा, कूलरचे स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा, पण करायलाच हवं होतं कारण याच्याशिवाय नवं की जुनं कुठे बिघडलंय ते कळत नाही. आणि २६०० वर पहिल्या झटक्यात पोस्ट (मशीनची सुरुवातीची स्वतःची तपासणी) झालं! सीमॉस क्लिअर केल्यामुळे सेटिंग रीसेट झाल्याचा मेसेज, मग बायोस, १६ जीबी रॅम, सगळं ठीक. लगेच बंद केलं. घाईत फोटो काढून ठेवला होता, त्यात आज बघितलं तर बूटचा एलईडी लागलेला स्पष्ट दिसतोय, पण त्या वेळी माझं सगळं लक्ष डीरॅमच्या लाईटकडे होतं, तो नाही हे बघूनच मी खूश.

म्हणजे बोर्ड, रॅम, पॉवर, ग्राफिक्स कार्ड चारही सुटले. राहिलं काय, नवा प्रोसेसर किंवा बायोस आणि त्याचं जुळणं. पिना ट्यूबलाईटखाली धरून बघितल्या, सरळ वाटल्या. परत ५७००एक्स बसवला, या वेळी आपोआप खाली गेला, तरी तोच डीरॅमचा लाईट. रात्री उशिरापर्यंत बायोसचं आणखी एक व्हर्जन टाकायचं की प्रोसेसर परत पाठवायचा याच विचारात होते.

चौथी संध्याकाळ

सगळ्यात महत्त्वाचा दिवस हा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

याच नादातल्या एका मित्राला फोन केला, सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच विचारलं, "बी२ मध्ये लावून बघितलीस का?" मी म्हटलं मॅन्युअल ए२ म्हणतंय. "मॅन्युअल बरोबरच आहे गं, पण ते सगळं ठीक असतानाचं आहे. तू दोन दिवस एकच चॅनल तपासतेयस."

बरोबर होतं. चार स्लॉट असले तरी चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधले मार्ग) दोनच, ए आणि बी, आणि दोन्हींचा कंट्रोलर बोर्डात नसून प्रोसेसरच्या आत असतो. स्लॉटपासून निघालेल्या लाईनी सरळ सॉकेटमधून प्रोसेसरच्या पिनांपर्यंत जातात. म्हणजे डीरॅमचा एलईडी लागला याचा अर्थ रॅम खराब असा नाहीच, गाडी मेमरीच्या टप्प्यावर अडली एवढाच आहे, आणि त्या टप्प्यात रॅम, स्लॉट, सॉकेट, पिना, प्रोसेसर, बायोस सगळे येतात. मी लाईटवरचं नाव वाचून दोन संध्याकाळी रॅमच पुसत बसले.

एक स्टिक बी२ मध्ये. वीस सेकंदांत स्क्रीन! नवा प्रोसेसर ओळखला, ८ जीबी दाखवली. दुसरी स्टिक बी२ मध्ये, तीही चालली. दोन्ही लावल्या की परत अडकलं. (काही बोर्ड अशा वेळी १६ ऐवजी ८ जीबी दाखवून पुढे जातात, माझा सरळ थांबतो.) आता उत्तर जवळजवळ हातात होतं, जुन्या प्रोसेसरवर ए चॅनल चालतो, नव्यावर चालत नाही, म्हणजे एकतर प्रोसेसरमधलाच कंट्रोलर गेला किंवा ए चॅनलची एखादी पिन सॉकेटमध्ये लागत नाहीये.

प्रोसेसर काढला, ताजी पेस्ट असल्यामुळे या वेळी कूलर फिरवल्याबरोबर सुटला. आता वरून न बघता पिनांच्या रांगेच्या पातळीला मोबाईलचा कॅमेरा आणून झूम केला, समोरच्या बाजूने टॉर्च. प्रत्येक रांग सरळ बोळासारखी दिसायला हवी, आरपार उजेड. एका बाजूने बघत गेले, सगळं ठीक. ९० अंशात फिरवून दुसऱ्या बाजूने, आणि कडेपासून तिसऱ्या रांगेत एका ठिकाणी उजेड अडला. एक पिन. १३३१ पैकी एक, तीही इतकी कमी झुकलेली की वरून बघून कळणं शक्यच नव्हतं. सगळ्याच पिना सारख्या महत्त्वाच्या नसतात, बऱ्याच ग्राउंडच्या आणि पॉवरच्या असतात, त्यातली एखादी न लागूनही मशीन चालू शकतं, पण मेमरीच्या डेटा लाईनची पिन असली की तो चॅनल गेलाच.

ही वाकली कशी तेही शोधलं. पहिल्या दिवशी लिव्हर मी पूर्ण उभं केलंय असं समजत होते, पण केसच्या फॅनची वायर मधे येत होती आणि ते थोडं अलीकडेच थांबत होतं. त्यामुळे सॉकेटची भोकं पूर्ण मोकळी झाली नव्हती आणि म्हणून तो कोपरा वर राहिला होता. या सॉकेटचं तत्त्वच शून्य जोराचं आहे, प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे, नाही गेला तर उचलून बघायचं, दाबायचं नाही. मी दाबलं.

सरळ करायला शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलचं धातूचं टोक वापरलं. पिन त्या भोकात सैल जायला हवी, घट्ट बसत असेल तर वापरू नका. टोक पिनेवर पूर्ण खाली उतरवायचं आणि केसभर, अगदी केसभर कलवायचं, बाहेर काढून कॅमेऱ्यात बघायचं, परत केसभर. मला सहा वेळा करावं लागलं. एकाच झटक्यात सरळ करू नका आणि पुढे-मागे तर अजिबात वाकवू नका, धातू थकतो आणि पिन बुडातून तुटते. शेवटी पातळ प्लास्टिक कार्डाची कड दोन्ही दिशांनी रांगेतून सरकवून बघितली, कुठे अडलं नाही.

वायर बाजूला बांधली, लिव्हर पूर्ण उभं, प्रोसेसर ठेवला, टक् असा छोटा आवाज होऊन चारही कोपरे एकदम खाली. ए२ आणि बी२ मध्ये रॅम, पॉवर. डीरॅमचा लाईट लागला, माझा श्वास अडकला, आणि विझला. १६ जीबी!

लगेच काळ्या स्क्रीनवर मेसेज आला की नवीन प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करायचं का, वाय की एन. इथे घाई करू नका. ड्राइव्ह विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेला असेल तर रीसेटनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, ती हाताशी नसेल तर एन दाबा आणि आधी की शोधा. माझा ड्राइव्ह एन्क्रिप्टेड नाही याची खात्री होती म्हणून वाय दाबलं.

पाचवी संध्याकाळ

आदल्या रात्री पुढे काय झालं तर बूटचा एलईडी लागला आणि मशीन फिरून फिरून बायोसमध्येच. एसएसडी यादीत दिसतोय पण बूटच्या पर्यायांत नाही. दमले होते, बंद करून झोपले आणि हे बरं केलं, कारण त्या वेळी मी नक्की साटाची केबल उपसत बसले असते.

सकाळी डोकं शांत झाल्यावर कळलं. माझं विंडोज खूप जुन्या डिस्कवरून क्लोन करत करत इथवर आलंय, त्यामुळे एसएसडीचं पार्टिशन (डिस्कचे भाग पाडायची मांडणी) अजूनही जुन्या एमबीआर पद्धतीचं आणि बूट जुन्या लेगसी पद्धतीने. त्यासाठी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट चालवून घेणारं सेटिंग) चालू लागतं. आधीच्या बायोसमध्ये ते चालू होतं, नव्या बायोसमध्ये डीफॉल्टलाच बंद. म्हणजे या भानगडीचा प्रोसेसर बदलण्याशी काहीही संबंध नव्हता, बायोस टाकल्या टाकल्या एकदा विंडोजपर्यंत जाऊन बघितलं असतं तर हे तेव्हाच दिसलं असतं, आणि त्या निमित्ताने पेस्टही गरम झाली असती. तिसऱ्या दिवशीच्या फोटोतला बूटचा लाईट हाच.

सीएसएम चालू केलं, विंडोज आलं. पण तसंच ठेवायचं नव्हतं, म्हणून पूर्ण बॅकअप घेऊन विंडोजच्याच एमबीआर-टू-जीपीटी टूलने ड्राइव्ह नव्या जीपीटी मांडणीत बदलून घेतला. हे टूल विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. आधी व्हॅलिडेट चालवा, ते पास झालं तरच कन्व्हर्ट, आणि डिस्कवर तीनपेक्षा जास्त पार्टिशन असतील तर ते नकार देतं. माझी दोनच होती. काम मिनिटभरात झालं, मग बायोसमध्ये जाऊन सीएसएम परत बंद केलं आणि विंडोज यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने उठलं.

आजची स्थिती

रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावला, आधी डीफॉल्ट स्पीडवर आणि मग एक्सएमपी (रॅमचं वाढीव स्पीडचं तयार सेटिंग) चालू करून ३२०० वर, १.३५ व्होल्ट, चार-चार पास, एकही एरर नाही. सीपीयू-झेड हा माहिती दाखवणारा प्रोग्रॅम ड्युअल चॅनल दाखवतोय, म्हणजे दोन्ही चॅनल चालू. सरळ केलेल्या पिनेबद्दल मनात धाकधूक होतीच म्हणून दिवसातून दोनदा पूर्ण थंड मशीन चालू करून बघतेय, आत्तापर्यंत अकरा कोल्ड बूट झाले, अकराही वेळा चारही लाईट नीट विझले.

एक्सएमपीची प्रोफाइल जमली, आता कर्व्ह ऑप्टिमायझरला (कोअरचं व्होल्टेज थोडं कमी करायचं सेटिंग) हात लावायचाय, उणे १० पासून एकेक कोअर तपासत जाणार आहे. २६०० त्याच्या प्लास्टिकच्या डबीत जपून ठेवलाय, विकणार नाही, चालू असल्याची खात्री असलेला एक प्रोसेसर घरात असल्यामुळेच तिसऱ्या दिवशी बोर्डावरचा संशय मिटला.

कुणी एएम४ वर वाकलेली पिन सरळ करून वर्ष-दोन वर्षं चालवली असेल तर तुमच्याकडे मेमरी एरर कधी आल्या का ते जरूर सांगा, विशेषतः ३६०० वर रॅम चालवणाऱ्यांनी.